काय दिवे लावलेस

लोटलीच्या त्या घरात भीती नव्हतीच.
आधी सांगून ठेवतो.
शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुपारी
ताकासारखा पातळ उजेड यायचा,
बाल्कांवात सोलं सुकत पडलेली, त्यांच्यात मांजर,
आणि ऐंशी ओलांडलेली एर्मेलिंदा बाय
रेडिओला शिव्या देत तांदूळ निवडायची.
असल्या घरात भूत आलं असतं
तर तिने त्याला सुपातले खडे वेचायला बसवलं असतं.

मग आम्ही आलो.
दोन ट्रक, एक जनरेटर,
आणि श्यामला कुंकळ्येंकार, जिच्या बोटांना कायम रंग.
अर्धा तास ती ओसरीपासून सालापर्यंत नुसती चालली.
म्हणाली, घर फार रुंद आहे,
घाबरायला माणसाला भिंत जवळ लागते.
प्लायची खोटी भिंत घातली तिने बोळात,
सुरुवातीला सरळ, पुढे हातभर आत येणारी.
डोळ्याला कळत नाही, म्हणाली,
खांद्याला कळतं.

भिंतीवर खरी ओल होती. तिच्यावर चुना मारला,
आणि शेजारी नवी ओल रंगवली
चहाचं पाणी, काजळी, थोडा डिंक घालून.
खरी ओल कॅमेऱ्यात नुसता डाग दिसते.
सायबिणीच्या वेदीला हात लावला नाही.
फक्त समोरची एक खुर्ची इतकी फिरवली
की बसणाऱ्याची पाठ देवाकडे होईल.
बसणारं कुणी नव्हतं.
तिच्याकडे बघायला मला आवडेना.

माझं काम उजेडाचं. म्हणजे उजेड अडवायचं.
जिन्याची चौथी पायरी काढ, एवढंच कॅमेरामन म्हणाला.
मी काळं कापड ताणलं, दिवा वीतभर मागे घेतला,
चौथी पायरी गेली.
तिसरी होती, पाचवी होती.
मुंबईची नटी वर चढू लागली,
तिला चेहऱ्याने काही करावं लागलं नाही,
पाऊल आपोआप थांबलं.

हे मला कुणी शिकवलं नाही.
बाबा पेडण्याला दहीकाल्यात पेट्रोमॅक्स सांभाळायचा.
एका रात्री वरचा आकडा तुटला,
त्याने बत्ती जमिनीवर ठेवली,
आणि राजाच्या भुवया कपाळभर चढल्या,
नाकाची सावली शिंगासारखी वर.
तोच राजा, तोच रंग, तोंडात तेच न्यायाचं बोलणं.
पुढच्या रांगेत मी रडत होतो.
बाबाने बघितलं
आणि प्रवेश संपेपर्यंत बत्ती उचलली नाही.

शेवटच्या आठवड्यात बाय मॉनिटरपाशी आली,
चष्मा पुसून वाकली.
हें कोणाचें घर? विचारलं तिने.
तुमचंच.
तिने खुरीस काढला, मग हसली,
मग हळूच म्हणाली,
ती पायरी कधी मोडली रे? मला सांगितलं नाही कुणी.

पॅकअपच्या दिवशी सगळं निघालं.
प्लाय निघाला, तांबड्या कोब्यावर खिळ्यांची चार भोकं उरली,
ती श्यामलाने स्वतः गुडघ्यांवर बसून भरली.
खुर्ची जागेवर. चाळीसचा बल्ब जागेवर.
घर पुन्हा रुंद झालं.

सहा महिन्यांनी मी गेलो,
तिची शिडी आमच्या ट्रकमध्ये राहिली होती.
हाक मारली.
बोळाच्या त्या टोकाकडून बाय येताना दिसली,
मधे आल्यावर ती आडवी झाली,
खांदा आत, पोट आत,
हवेला घासू नये अशी,
आणि चार पावलांनी पुन्हा सरळ होऊन
म्हणाली, ये रे, चहा घेतोस?

बाबा असता तर त्याने विचारलं असतं,
काय दिवे लावलेस?
मी शिडी भिंतीला टेकवली.
दुपारचे बारा वाजले होते, दारं सगळी उघडी,
आणि माझा हात
चौकटीच्या आतल्या बाजूला स्विच चाचपत होता.